पेशकारमामा आणि सिस्टरचं गाणं

दुसऱ्याला बोलतं करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण दुसऱ्याला बोलतं करून मग त्याच्या वाटचंही स्वतःच बोलून टाकणारा माणूस आदिलाबाद जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आईचा चुलतभाऊ निघाला. बोथच्या तहसील कचेरीत ते कारकून होते. गाव त्यांना जुन्या हुद्द्याने पेशकार म्हणे आणि आम्ही पेशकारमामा. निवृत्त झाले त्याच आठवड्यात ते आमच्या बुद्धविहारात बसू लागले, आणि येताना कचेरीची सगळी भाषा सोबत घेऊन आले. मी आदिलाबादला वसतिगृहात राहून शिकत होते. नाताळची चार दिवसांची सुट्टी असो की संक्रांतीची मोठी, आमचं घर शेजारीच असूनही माझा मुक्काम मामांकडेच, त्यामुळे त्यांच्या ऐन बहरातले हिवाळे मला पाहायला मिळाले.

रविवारी सकाळी विहारात सभा भरे. थंडी इतकी, की फरशीवर उतरायच्या आधी माणसं दाराशी क्षणभर धीर गोळा करत. मामा अंगात दोन स्वेटर आणि कानांवर माकडटोपी घालून सगळ्यांच्या आधी हजर. सभेला कोणीही यावं, असा त्यांचा आग्रह होता, आणि खरोखर कोणीही येई. आमच्या वस्तीतले मास्तर-कारकून येत, बसस्टँडजवळचे शिंपीचाचा येत, बँकेतले दोन तेलुगू साहेब येत. साहेबांना मराठी कळत नसे, म्हणून भाषांतराचं काम मामांनी आपणहून अंगावर घेतलं. एकदा बाहेरगावचे एक वृद्ध भंते श्वासावर पाच मिनिटं बोलले. मामांचं तेलुगू भाषांतर अर्धा तास चाललं आणि त्यात ज्वारीची पेरणी, विजेचं ऑफिस आणि सुनेशी कसं वागावं हेही आलं. भंतेंनी हळूच हिंदीत विचारलं, "मैंने इतना कहा क्या?" मामा नम्रपणे म्हणाले, "कहा नहीं भंतेजी, मगर कहना था."

प्रश्न विचारल्याशिवाय ते कोणाला घरी जाऊ देत नसत. प्रश्नाला ते दरखास्त म्हणत. मी नववीत असताना भर सभेत विचारलं, "मामा, देव आहे का?" तिकडे आई लाजेने अर्धी झाली. मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "तुही मिसल खुली हाये, बाई. सध्या कोनाची सही नाही. तू सोता तपास करत राह्य." त्यांच्या कचेरीत फाइलला मिसल म्हणत. माझी ती फाइल मी अजून बंद केलेली नाही.

मी बारावीला होते त्या वर्षी सरकारी दवाखान्यात केरळची एक नर्स नवीन आली. विहारासमोरच खोली घेऊन राहिली. सगळे तिला सिस्टर म्हणत. नाताळ त्या वर्षी रविवारी होता आणि तिला घरी जायला रजा मिळाली नाही. आधल्या दिवशी ती खोलीच्या पायरीवर नुसतीच बसलेली मामांनी पाहिली. "काऊन बसली व?" असं त्यांनी विचारलं आणि तिच्या मोडक्या हिंदीतून त्यांना एवढं कळलं, की उद्या घरी सगळी भावंडं मिळून गाणी म्हणतील. मामा तिथल्या तिथे म्हणाले, "कल सुबह हमारे यहाँ गाओ."

सकाळी सभेत हे ऐकून गुरुजी उठून उभे राहिले. गुरुजी म्हणजे विहाराचे सचिव, शाळामास्तर, शांत माणूस. त्यांच्या वडिलांनी या विहाराच्या विटा डोक्यावरून वाहिल्या होत्या.

"पेशकारसाहेब, माह्या बापाले देवाच्या दारातून हाकललं, म्हनून आमी हे घर बांधलं. अन् तुमी इथं देवाचं गानं लावून राह्यले?"

मामा म्हणाले, "तुह्या बापाले दारातून हाकललं, म्हनूनच इचारतो. आता आपन कोनाले दारात उभं ठेवाचं?"

गुरुजी चपला घालून निघून गेले, त्यांच्यामागे आणखी चार-पाच जण.

सिस्टर सगळं पाहून परत निघाली होती. माझ्या आईने तिचा हात धरून तिला बसवलं. ती मल्याळममध्ये गायली, आधी चाचरत, मग डोळे मिटून. शब्द एकालाही कळला नाही. गाणं संपल्यावर सवयीने सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा उठले, तोंड उघडलं, आणि तसेच खाली बसले. "याचं तेलुगू नाही होत," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज सकाळी गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. गुरुजी पेपर वाचत, मामा रस्ता पाहत. गुरुजींची बायको चहा देई. कोणी बोलत नसे. मामांसारखा माणूस तीन आठवडे गप्प बसतो, ही बातमी बाजारात पोचली आणि लोक मुद्दाम त्या रस्त्याने जाऊ लागले. संक्रांतीच्या सुट्टीत एकदा मीही सोबत गेले. त्या दिवशी मामा एकदम म्हणाले, "तुले न इचारता ठरवलं मी. सचिव तू होता. ते चुकलंच माहं." गुरुजींनी पेपरची घडी घातली. ती मांडीवर ठेवली आणि विचारलं, "गानं कसं होतं?"

"आयकाले पाह्यजे होतं तू," मामा म्हणाले.

पुढच्या रविवारी गुरुजी आले. गाण्याबद्दलचं मत त्यांनी बदललं नाही, पण सिस्टरला बसायला चटई त्यांनीच टाकली.

आता मामा यवतमाळला मुलीकडे असतात. नावं विसरतात. गेल्या डिसेंबरात सुट्टी काढून मी भेटायला गेले, तेव्हा अंगणात उन्हाला खाट टाकून बसले होते. मी कोण, कोणाची, हे दोनदा सांगितलं. ते माझ्याकडे आदबीने पाहत राहिले, जशी एखाद्या परक्या पाहुणीकडे माणसं पाहतात. मग पाय आखडून घेत खाटेवर सरकले आणि उन्हातली जागा मला देऊन स्वतः सावलीत बसले.