चंद्राबाईची गेलेली पोरं

आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला धनगरांची एक वाडी आहे. चंद्राबाई तिथली. म्हशींमागे हिंडून तिचा आवाज असा दांडगा झाला होता की वाडीतले पुरुषही तिच्या तोंडाला लागायला कचरायचे. फक्त एक विषय निघाला की ती गप्प व्हायची. थोरल्या सुनीलच्या पाठीवर झालेली तिची तीन पोरं.

पहिला मुलगा हळद माखल्यासारखा पिवळा पडला आणि गेला. नंतरची मुलगीही तशीच गेली. तिसरं बाळ पोटातच मेलेलं, अंगभर सुजलेलं. सासू म्हणाली, "ही पोरं खाते." नवरा सखा गप्प बसला. त्यानंतर वाडीत कुणाला मूल झालं की बाया पोर पदराखाली झाकायच्या आणि चंद्राबाई वाट बदलून जायची. पुढेपुढे तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं.

सुनीलचं लग्न झालं. शिवथरच्या बाजूची अमिता सून म्हणून आली. पहिली मुलगी मानसी धडधाकट जन्मली. दुसऱ्या खेपेला मात्र आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. दवाखान्यात कापडात गुंडाळलेलं बाळ चंद्राबाईच्या हातात आलं. तिने कापड बाजूला केलं, तर तेच सुजलेलं तोंड. ती तिथेच ओरडली, "तूबी तसलीच निघालीस गो! तूबी पोरं खातेस!"

खाटेवरच्या अमिताने भिंतीकडे तोंड फिरवलं.

अमिताला पुन्हा दिवस गेले तेव्हा सुनीलने कुणाचं ऐकलं नाही. त्याने बायकोला थेट महाडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. चंद्राबाईही सोबत गेली. तिथल्या डॉक्टर प्रियदर्शिनी यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि तिघांना समोर बसवलं.

"अमिताचा रक्तगट निगेटिव्ह आहे, सुनीलचा पॉझिटिव्ह. मानसीचा बापासारखा. मानसी झाली तेव्हा तिचं थोडं रक्त अमिताच्या अंगात गेलं. अमिताच्या शरीराला ते परकं वाटलं. तेव्हापासून पोटात पॉझिटिव्ह बाळ आलं की तिचं शरीर त्या बाळाचं रक्त मोडतं. मानसीनंतर लगेच एक इंजेक्शन मिळालं असतं, तर हे टळलं असतं."

"मानसी झाली त्या दवाखान्यात बोलले, इंजेक्शन संपलंय, पुढच्या आठवड्यात बघू," सुनील म्हणाला. "कशाचं, ते सांगितलंच नाय."

"पुढच्या आठवड्यात देऊन उपयोग नसतो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "आता या बाळाला पोटातच रक्त द्यावं लागेल. मुंबईला. निगेटिव्ह गटाचं रक्त लागेल, घरात कुणाचं जुळतं का बघू."

घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. जुळलं एकट्या चंद्राबाईचं. तिने पुन्हा बाही वर सारली. "घ्या. पायजे तेवढं घ्या."

"तुमचं घेता येणार नाही, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "बाळाचं रक्त मोडणारी जी गोष्ट अमिताच्या रक्तात आहे, तीच तुमच्याही रक्तात सापडली. सुनीलनंतर तुम्हाला मुलं झाली होती?"

चंद्राबाईने बाही खाली ओढली. मग म्हणाली, "तीन. दोन पिवळी पडून गेली. एक सुजलेलं आलं."

"त्याचं कारण हेच."

"तवा व्हतं हे इंजेक्शन?"

"होतं. शहरांत तरी मिळत होतं."

ती उठली. बाहेर आली आणि घराकडे जायला पोलादपूरच्या गाडीत बसली. वाडीत पोचली तेव्हा सखा दूध काढून किटली घेऊन येत होता. तिने ती हिसकावून अंगणात उलथली.

"मी पोरं खाल्ली नाय! ऐकलंस? एका सुईपायी गेली माझी पोरं. आन तू आयशीच्या म्होरं तोंड उघडलं नायस!"

"जुनं कशाला उकरून काढतेस?" सखा म्हणाला.

"जुनं? मला रोजचं हाय ते!" तिचा आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला. बाया दारात आल्या, तर ती त्यांच्यावरही सुटली. एकीला सोडलं नाही.

मुंबईला अमिताबरोबर सुनील गेला आणि तीही गेली. म्हशी सखाच्या गळ्यात टाकल्या. रक्त तिथल्या रक्तपेढीतून मिळालं, कुणा अनोळखी माणसाचं. पडद्यावर बघत डॉक्टरांनी पोटातून लांब सुई आत घातली आणि बाळाच्या नाळेत रक्त सोडलं. बाळंतपणापर्यंत असं पुन्हा पुन्हा करावं लागलं.

एकदा बाहेर बाकावर दोघीच होत्या. चंद्राबाई म्हणाली, "मला म्हायती नव्हतं गो."

अमिताने तिच्याकडे रोखून पाहिलं. "रक्ताचं म्हायती नव्हतं. पन तसं बोलल्यावर बाईला काय व्हतं, ते तर तुमाला म्हायती व्हतं ना? तुमच्याइतकं कुनाला म्हायती व्हतं?"

 चंद्राबाईने मान खाली घातली.

मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली. काचेच्या पेटीत, निळ्या उजेडाखाली ठेवली. तिथेही तिचं रक्त बदलावं लागलं. पण जगली. नाव ठेवलं स्नेहल.

स्नेहल घरी आली तशी चंद्राबाई खाली उतरली, ज्या दवाखान्यात मानसी जन्मली होती तिथे. "ते इंजेक्शन आज हाय का?" तिने विचारलं. आतला माणूस म्हणाला, मागणी केली आहे, येईल. ती दारातच बसली. तपासायला येणाऱ्या प्रत्येक बाईला अडवून मोठ्याने विचारायची, "तुझा रक्तगट कोनता? निगेटिव्ह असंल तर यांच्याकडं सुई नाय. माझी तीन गेली, सुनेचं एक गेलं." दवाखान्याच्या साहेबांनी उठायला सांगितलं. "पोलीस बोलवा," ती म्हणाली, "त्यांनाबी हेच सांगते." संध्याकाळच्या आत महाडहून इंजेक्शनं आली. म्हणजे इतकी वर्षं ती नुसती आणायचीच राहिली होती. हे कळल्यावर तिचा राग आणखी पेटला.

आता ती अधूनमधून तिथे जाते आणि इंजेक्शनांचा फ्रीज उघडून दाखवायला लावते. तिथली माणसं तिला भांडखोर म्हणतात. सखाला ती जेवायला वाढते, पण त्याच्याशी बोलत नाही.

अमिता तिच्याशी कामापुरतंच बोलते. बाळाला मात्र बिनदिक्कत तिच्या मांडीवर देऊन रानात जाते. माफ कधी करशील, असं चंद्राबाईने सुनेला कधी विचारलेलं नाही. सुनेचा राग तिला रास्त वाटतो.