भट्टीपाशी बसलेला माणूस

ताईंच्या दुबईतल्या, अल बर्शातल्या घरी हॉलमध्ये एक चित्र होतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणी गोऱ्या माणसाने पाण्याच्या रंगांनी काढलेलं, असं ताईंचे साहेब म्हणायचे. आपल्याकडची अर्थात छापील नक्कल. चुन्याच्या भट्ट्या, आभाळभर धूर आणि खाली मुंगीएवढे मजूर. कोणी पाटी उचलतोय, कोणी गाडा ढकलतोय. एक मात्र डोक्याला फडकं बांधून दगडावर पाठमोरा बसलाय.

आमचे हे इथेच साइटवर गवंडीकाम करतात. त्यांची खोली अजमानला, बाकीच्या कामगारांबरोबर. मी ताईंकडे राहून स्वयंपाक करते. भेट रविवारी. एरवी चित्र पुसताना मी त्या पाठमोऱ्याला हळूच म्हणायची, "अहो, जरा सरका." ह्यांचं नाव मी घेत नाही, चित्रातसुद्धा घेतलं नाही.

मग ताई सिलिकॉन ओएसिसला राहायला जायला निघाल्या. नको असलेल्या वस्तू दाराशी काढून ठेवल्या, वॉचमन नेणार होता. त्यात हे चित्रही. धाकटी म्हणाली, "इट्स सो डार्क, मम्मा." ताई म्हणाल्या, "हो ना, नव्या घरात धूर कशाला?"

मी कणीक मळत होते. ताई नाही म्हणाल्या नसत्या, पण कशाला हवं असं विचारलं तर काय सांगू? तेवढ्यात बेल वाजली. पिठाच्या हातांनी मी जाऊन चित्रापुढे उभी राहिले.

"मावशी, वाट द्या त्याला."

"हे राहू दे."

"ते काळं चित्र? त्यापेक्षा मिक्सर घ्या, चालू आहे."

"नको. ह्यात आमचे हे आहेत."

मी बोटाने दाखवलं. काचेवर कणकेचा ठिपका उमटला. ताई वाकून बघत राहिल्या, मग हसू लागल्या. "अगं बाई, म्हणून रोज सरका सरका चालतं होय? मला वाटायचं, फोनवर बोलताय."

चित्र मला मिळालं.

रविवारी हे आले तेव्हा खाली लॉबीत नेऊन दाखवलं.

"मी कुठाय ह्यात?"

मी दाखवलं.

"हा तर बसलाय. मला बसू देईल फोरमन? यल्ला यल्ला, चला चला करून डोकं खाईल."

"म्हणून तर तुमच्यासाठी हा बसलेला धरला."

ह्यांनी चित्र हातात घेतलं, परत माझ्याकडे दिलं. मग म्हणाले, "आमच्या खोलीवर नको. पोरं ह्याच्यावर चहाचे कप ठेवतील. तुझ्याकडेच बसू दे त्याला."