विसरलात तुम्ही, आई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हे एवढं सोडून बाकीचं बोलते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर — नाही, तर नसतंच सांगितलं.

आमच्या घरात पैशाचा कारभार माझ्याकडे. पगार माझ्या हवाली केला की नवरा निर्धास्त. ‘सीमा आहे म्हणून घर चालतं,’ असं तो पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं. सुरुवात तिथेच झाली का? कोण जाणे.

अडीअडचणीला म्हणून बाजूला ठेवलेली रक्कम मी मोबाइलवरून शेअर बाजारात लावली होती. आधी थोडीच. ती बुडाली, मग ती भरून काढायला आणखी — पुढचं तुम्हाला कळलंच असेल. कुणाला पत्ता लागू दिला नाही. हळूहळू जमवू पुन्हा, असं मनाशी म्हटलं. आणि त्याच वर्षी नवऱ्याच्या कंपनीत कपात झाली. घरी आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला. म्हणाला, “सहा महिने निघतील ना? शिल्लक आहे ना आपली?”

“आहे की,” मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी घाबरलेलीच आहे. वाघोलीतल्या या फ्लॅटच्या हप्त्याची तारीख जवळ आली की मी रात्री उठून पुन्हा पुन्हा हिशेब मांडायचे. बँकेचा फोन आला तर? नवऱ्यानं सहज म्हणून खातं बघितलं तर? नवऱ्याचा फोन वाजला की मी भाजी चिरायची थांबून कान देऊन ऐकायचे.

आता सासूबाईंविषयी — आईंविषयी. त्या वर्ध्याच्या. सासरे शिक्षक होते. ते गेल्यावर आई आमच्याकडे आल्या. स्वतःची पेन्शन स्वतः एटीएममधून काढायच्या. भाजीवाल्याशी वऱ्हाडीत हुज्जत घालायच्या. मजल्यावरच्या सगळ्या मुलांचे वाढदिवस त्यांना तोंडपाठ. त्यांच्या कपाटात त्यांच्या आईनं दिलेल्या सोन्याच्या पाटल्या होत्या, लग्नकार्यातच घालायच्या. आई देवळात गेल्या असताना मी त्या काढल्या आणि नगर रस्त्यावर सोनं तारण घेतात तिथे ठेवून आले. हप्ता भरला. पुढचेही भरले.

पण मला सांगायचंय ते हे नाही. चोरी एक वेळ सांगता येते.

पुढे नवऱ्याच्या भाचीचं लग्न ठरलं. आईंनी कपाट उघडलं. मी कणीक मळत होते. त्या स्वयंपाकघरात आल्या.

“सीमा, माह्या पाटल्या दिसून नाही राहिल्या वं. तू पाहिल्या काय?”

तेव्हा सांगता आलं असतं. रागावल्या असत्या, रडल्या असत्या, आणि बहुधा म्हणाल्या असत्या, ठेवल्या तर ठेवल्या, घर तर राहिलं. पण दारात नवरा उभा होता. मी कणकेतून हात न काढता म्हणाले, “आई, असं काय करता? दिवाळीत पूजेला तुम्हीच नाही का काढल्या? नीट जागी ठेवते म्हणालात. विसरलात तुम्ही.”

त्या चिडल्या नाहीत. घाबरल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचं शेवटी असंच झालं होतं — पोटच्या मुलांनासुद्धा ओळखेनाशी झाली होती. आपलंही तसंच होणार, ही एकच धास्ती आईंना होती, आणि हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी ते बोलले. की ठाऊक होतं म्हणूनच?

त्यानंतर आई गॅस बंद केलाय का ते पुन्हा पुन्हा येऊन बघायला लागल्या. वाट चुकेन म्हणून एकट्या देवळात जाईनात. भाजीवाल्याशी बोलणं थांबलं. हिशेबात चुकेन म्हणायच्या. मुलांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्याआधी मला कानात विचारायच्या, “आजच हाय ना?” आणि एक दिवस एटीएमचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. “तूच सांभाळ बाप्पा. माहा भरोसा नाही.”

मी घेतलं ते कार्ड.

आम्ही सावरलो. नवऱ्याला दुसरी नोकरी लागली, मी कॉलेजच्या मुलांचे डबे सुरू केले, स्कूटर विकली, बाजाराचं ते ॲप काढून टाकलं. पाटल्याही सोडवल्या. त्यात डब्यांचे पैसे होते आणि आईंची पेन्शनही होती. त्यांच्याच पाटल्या, त्यांच्याच पैशांनी. मग मी त्या आईंच्या जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवल्या आणि सापडल्याचं नाटक केलं. वाटलं, आता मिटेल सगळं. किती मूर्ख होते मी!

आईंनी त्या हातातही घेतल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. “म्हणजे मीच ठेवल्या होत्या,” म्हणाल्या. “डोकंच गेलं वं माहं.” तोवर निदान शंका तरी होती. तीही मी संपवली.

मागच्या महिन्यात आईंनीच हट्ट धरला, डॉक्टरांना दाखवू. डॉक्टरांनी त्यांना आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आधी सांगितलेले शब्द पुन्हा विचारले. आईंनी सगळं बिनचूक केलं. डॉक्टर हसले. “आजी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे!”

आईंचा विश्वास बसेना. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हिले विचारा. ही खोटं नाही बोलत.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “घरी काय अनुभव?”

आईंची आठवण शाबूत ठरली, तर मग तेव्हा पाटल्या गेल्या कुठे होत्या? आज ना उद्या कुणीतरी विचारणारच ना? नवरा शेजारीच बसला होता.

“होतं अधूनमधून,” मी म्हणाले.

आईंनी सावकाश मान हलवली, जणू त्यांना हेच ऐकायचं होतं. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून एक गोळी लिहून दिली. जेवण झालं की आई हात पुढे करतात आणि ती गोळी मी त्यांच्या तळहातावर ठेवते.