स्टोव्हनंतरचं भरीत

आमच्या घरात भीतीवर बोलण्याचा अधिकार खरं तर एकट्या माझ्या बायकोचा. मी बोलतो तो निव्वळ सवयीनं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, लग्नानंतर, आम्ही जळगावात पिंप्राळ्याला दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं. ती धुळ्याची. शेतातल्या भरीत पार्टीत जाळापुढं बसून वांगी भाजणं हे आमच्याकडं पुरुषांचं काम. पण हिच्या वडिलांनी लेकीला लहानपणीच ते शिकवलेलं. "माझ्यासारखं वांगं इथं कोणी भाजून दाखवा," असं ती नवी नवरी असतानाच सासरी म्हणाली होती. असं बोलणारी सून आमच्या घराण्यात आधी आली नव्हती. मला तर तेव्हाच जरा धडकी भरली.

पहिल्याच उन्हाळ्यात रॉकेलचा स्टोव्ह भडकला. ती पंप मारत होती आणि जाळ एकदम वर गेला. पेटलेला पदर तिनं स्वतःच मोरीतल्या बादलीत बुडवला. मनगटावर छोटा डाग राहिला, बाकी काही नाही. थोडक्यात निभावलं, विषय संपला, असं मला वाटलं. मला नेहमी वाटतंच.

पुढं एकदा मी अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होतो. आत ताटं खणखणत पडली. जाऊन पाहतो तर ही भिंतीला टेकून उभी, हात थरथरताहेत.

"काय झालं?"

"पंपाचा आवाज हो. सायकल आहे हे कळत होतं मला. पण हात आधी घाबरले, मी नंतर."

मग रॉकेलचा वास आला की ती रस्ता ओलांडून पलीकडं जाऊ लागली. काडी ओढणं तर बंदच झालं. स्वयंपाक माझ्याकडं आला, विजेच्या शेगडीवर. माझा भात खाली करपलेला, मध्ये गिचका आणि वर कच्चा असे. एकाच पातेल्यात तीन प्रकार. आणि "घाबरू नकोस" हे मी इतक्या वेळा म्हणालो, की ती त्या वाक्यालाच घाबरू लागली.

शेवटी ओळखीच्या एका डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, "मेंदूत भीतीची एक जागा आहे, आठवणीची एक, आणि इथं कपाळामागं शहाणपणाची. या जागा एकमेकींना सारखे निरोप धाडत असतात. त्या दिवशी तो आवाज, तो वास भीतीशी घट्ट जोडला गेला. आता आवाज आला की निरोप तिथं जवळच्या वाटेनं पोचतो. शहाणपणाची वाट लांबची. तोवर हात थरथरून मोकळे."

"मग ती जोडणी तोडा," मी म्हणालो.

"ती तुटत नाही. शहाणपणाकडून भीतीकडं जाणारी दुसरी जोडणी बळकट करावी लागते. विस्तवाजवळ थोडं थोडं जायचं, आणि काही वाईट होत नाही हे मेंदूला पुन्हा पुन्हा दाखवायचं."

"म्हणजे माझ्या डोक्यात बिघाड नाही?" तिनं विचारलं.

"छे! उलट फार इमानी मेंदू आहे. एकदा शिकलेलं विसरत नाही."

"यांचा तसा नाही," ती म्हणाली. डॉक्टर हसले. मीही हसलो, उशिरानं.

त्यानंतर तिनं जे केलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. आधी नुसती काडेपेटी हातात घेऊन बसायची. मग अंगणात काडी ओढून लगेच फुंकायची. पुढं देवापुढचं निरांजन. मध्येच कुठं आवाज झाला की चार पावलं मागं यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काडेपेटी. मला एकच काम होतं: शेजारी बसायचं आणि बडबड करायची नाही. दोघांत जास्त कठीण काम कोणाचं, यावर आमचं अजून एकमत नाही.

हिवाळ्यात धरणगावजवळच्या आमच्या शेतात भरीत पार्टी ठरली. माझी आई, जिला सगळे अक्का म्हणत, तिला सारं ठाऊक होतं. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ पेटला तशी अक्का तिला आपल्याजवळ ओढत म्हणाली, "पोरी, तू मना जोडे बस. दूरथून देख."

माझे थोरले भाऊ लांब काठी घेऊन जाळापुढं बसले. वांगी भाजण्याआधी टोचायची असतात, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतात. ते कामही भाऊंचंच. पण शेजारच्या शेतकऱ्याशी गप्पा मारता मारता त्यांनी अर्धी वांगी तशीच जाळात सारली.

फाट्‌! वांगं फुटलं, निखारे उडाले. भाऊ मागं कोलमडले. मी पळालो तो थेट पाण्याच्या पाटात, गुडघ्याएवढ्या चिखलात. वळून पाहिलं ते तिच्याकडं. ती पांढरीफटक पडली होती. अक्कानं तिचा दंड धरला, तो तिनं हळूच सोडवला आणि एकेक पाऊल टाकत जाळाकडं गेली.

"भाऊ, वांगी टोचली नाहीत तुम्ही?"

"ऱ्हाई गयं," भाऊ पुटपुटले.

"द्या ती काठी."

भाऊंनी ती काठी आजवर कोणाला दिली नव्हती. त्यांनी ती दिली. तिनं न टोचलेली वांगी बाहेर ओढली, टोचली आणि पुन्हा आत सारली. आणखी एक फाट्‌ झालं. ती दचकली, डोळे मिटले, पण काठी सुटली नाही. हात थरथरत होता तरी प्रत्येक वांगं चारी बाजूंनी सारखं भाजून निघालं.

जेवताना शेजारच्या शेतकऱ्यानं बोटं चाटत विचारलं, "भरताची वांगी भाजली कोणी?"

भाऊ तोंड उघडणार तोच मी ओरडलो, "आमच्या हिनं!"

"हळू बोल रे," भाऊ म्हणाले, "आमले ऐकू येस."

मी पुन्हा सांगितलं. तेवढ्याच मोठ्यानं.