नवऱ्याच्या क्वेऱ्या

जनावरांच्या त्या दवाखान्यात कंप्युटरचं सगळं बघणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. ताई तशा शांत स्वभावाच्या. पण डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेला, त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

रिसेप्शनवरच्या मुलीने जनावराचं नाव टाकलं की मालकाचं नाव आणि लसींच्या तारखा यायला हव्यात. त्याऐवजी लाल ओळ उमटायची : ‘जनावर क्रमांक’ असा कॉलम माहीत नाही. आणि तो कॉलम तर जनावरांच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, पहिल्याच जागी ढळढळीत बसलेला!

बाहेर बाकांपाशी कुत्री भुंकत होती. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले.

“ताई, काल तर चालत होतं.”

“काल जुनं होतं, डॉक्टर.”

“मग नवं कशाला केलंत?”

‘नवं घ्या, नवं घ्या’ म्हणून वर्षभर मागे लागले होते ते डॉक्टरच.

खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. डेटाबेसमधून माहिती काढणाऱ्या आज्ञा, म्हणजे या क्वेऱ्या, ताईंच्या नवऱ्याने लिहिलेल्या. पूर्वी तो याच खुर्चीत बसायचा आणि ताई त्याच्या हाताखाली शिकल्या. पुढे लग्न झालं, त्याने दुसरीकडे नोकरी धरली, आणि खुर्चीसकट क्वेऱ्या ताईंच्या गळ्यात पडल्या. त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

“अहो, तुमच्या क्वेऱ्या आडव्या पडल्यात.”

“माझ्या? शक्यच नाही. इतकी वर्षं चालल्या ना?”

“तीच तर पंचाईत आहे.”

“तुझ्या त्या नव्या आवृत्तीतच खोट असणार, बघ.”

ताईंनी फोन आपटला आणि क्वेरी उघडली. जनावरं, मालक आणि लसी अशी तीन टेबलं. पहिल्या दोघांमध्ये नुसता स्वल्पविराम, लसी मात्र ‘जॉइन’ असा शब्द घालून जोडलेल्या. जुना डेटाबेस डावीकडून सरळ वाचत यायचा. नवा आधी जॉइन उरकायचा, स्वल्पविरामाकडे नंतर बघायचा. म्हणजे तो लसी घेऊन थेट मालकांकडेच निघाला होता, आणि तिथे त्याला जनावर कुठून दिसणार!

पुन्हा फोन.

“मग टेबलांची अदलाबदल कर,” नवरा म्हणाला. “मालक आधी, जनावर जॉइनला चिकटून. हाय काय अन् नाय काय!”

तसं केलं. शोध चालू झाला, रिसेप्शनवरची मुलगी हसली. पण लगेच लसीची आठवण पाठवणारी क्वेरी कोसळली. तिच्या जॉइनला जनावर आणि मालक दोघंही लागत होते.

“मग दोघांना कंसात घाल.”

“ठिगळं किती लावू हो? मी सगळे स्वल्पविरामच काढून टाकते.”

“सगळे? अगं, विचार करून घातले होते मी.”

“कसला विचार?”

“टाइप कमी करावं लागतं.”

ताईंनी फोनच ठेवून दिला. बोलल्या असत्या तर संसारात विघ्न आलं असतं.

रागारागात त्या एकेका स्वल्पविरामाच्या जागी जॉइन घालत सुटल्या. त्या सपाट्यात एका क्वेरीतली, कुठला मालक कुठल्या जनावराचा हे जुळवणारी अटच उडाली. बाहेर मांजर घेऊन आलेल्या आजी रिसेप्शनच्या पडद्याकडे बघत कडाडल्या, “माझ्या मनीचे एवढे मालक? कोण आहेत ही माणसं?” प्रत्येक जनावराला दवाखान्यातले यच्चयावत मालक चिकटले होते. ताईंनी कपाळावर हात मारला, चहा मागवला, अट जागेवर बसवली आणि मग प्रत्येक क्वेरी सावकाश तपासत पुढे गेल्या. दुपार कलेपर्यंत बाक रिकामे झाले.

संध्याकाळी नवरा न्यायला आला. खुर्चीमागे उभा राहून त्याने सगळ्या क्वेऱ्या वाचून काढल्या.

“वाचायला बरं वाटतंय,” तो म्हणाला.

“बरं? नुसतं बरं?”

“पण ऑपरेशनच्या क्वेरीत एक स्वल्पविराम राहिलाय.”

ताईंनी पाहिलं. खरंच राहिला होता. दिवसभर झालेल्या मनस्तापापेक्षा त्याचं म्हणणं खरं निघाल्याचा राग जास्त आला.

“सरक, मी काढतो.”

“तिथेच उभे राहा,” ताई म्हणाल्या. त्यांनी तो स्वतःच काढला, क्वेरी चालवून पाहिली आणि पर्स उचलली.