कॅमेऱ्यावरचा कर आणि आमचा वाटा

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे एमआयडीसीतले ऑफिसर. मशीनवर उभे राहणारे एकटे माझे बाबा. नव्वदनंतरची ती वर्षं. समोरच्या ब्लॉकमधले काका कंपनीतर्फे ट्रेनिंगसाठी जर्मनीला निघाले आणि त्यांना परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड मिळालं. काकूंनी ते हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही दाखवलं.

"पैसे लागतच नाहीत," काका सांगत. "नुसतं घासायचं."

मग काय, बिल्डिंगने मोकळ्या मनाने वस्तू सांगितल्या. सोसायटीच्या अध्यक्षांनी व्हिडिओ कॅमेरा, बाकीच्यांनी सेंट, सुऱ्यांचा सेट. बाबांनी बराच विचार करून माझ्यासाठी कॅल्क्युलेटर सांगितला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली.

काका परत आले, सगळ्यांनी वस्तूंच्या किमती दिल्या. नंतर कार्डाचं बिल आलं ते त्याहून बरंच जास्त. वर विमानतळावर भरलेलं कस्टम होतंच. गच्चीवर मीटिंग बसली आणि कुणीतरी म्हणालं, "ती बी.कॉम.ला आहे ना? तिला विचारा."

मी आधी सगळे कागद दोनदा वाचले. मग चाचरत सांगितलं, की किमतीत तिथल्या सरकारचा विक्रीकर आहे. दुकानाने एक कागद दिला होता, तो वस्तूंसकट तिथल्या विमानतळावर दाखवला असता तर त्यातला काही परत मिळाला असता. काकांनी त्या कागदात सुऱ्या गुंडाळल्या होत्या. पुढे बँकेने जर्मन मार्कांचे रुपये आपल्या दराने केले आणि वर स्वतःचं शुल्क लावलं. मुंबईत आपल्या सरकारने कॅमेऱ्यावर कस्टम घेतलं.

"त्यांच्या सरकारला मी कर का द्यायचा?" अध्यक्ष तापले. "मी तिथे मत देतो का?"

"इथे तरी कुठे देता?" काकू म्हणाल्या. "मतदान आलं की तुम्ही लोणावळ्याला."

हसणं थांबल्यावर मी म्हटलं, "ज्याची वस्तू जेवढ्याची, तेवढं त्याचं शुल्क. आणि कस्टम तर... फक्त कॅमेऱ्याचं आहे."

"बाळ, हे पुस्तकात ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "पाण्याचं बिल आपण कसं घेतो? घरटी सारखं. सोसायटीत एकोपा महत्त्वाचा."

सारखा वाटा कुणाकुणाला मान्य, म्हणून हात वर करायला सांगितले. पहिला हात बाबांचा होता.

आमचा वाटा कॅल्क्युलेटरच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. जिन्यात मी चिडले. "बाबा, तुम्ही त्यांच्या कॅमेऱ्याचा कर भरताय!"

"भरू दे गं. गणपतीची वर्गणी मागताना मला म्हणतात, तुम्ही जमेल तेवढं द्या. आज पहिल्यांदा सगळ्यांइतकं मागितलं."



थोड्याच दिवसांत ताईचा साखरपुडा ठरला, बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून अध्यक्षांकडे गेले, मला सोबत घेऊन.

"साहेब, रविवारी कॅमेरा लागेल. आपल्या सगळ्यांचा कर आहे त्यात, म्हणून हक्काने आलो."

बाबांना टोमणे मारता येत नाहीत. ते अगदी मनापासून बोलत होते. अध्यक्षांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते आत गेले. बाबा माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, कॅमेरा आणायला गेले.

अध्यक्ष बाहेर आले ते हातात नोटा घेऊन.

"अहो, तुमची मुलगी त्या दिवशी बरोबर बोलत होती. कस्टम माझं एकट्याचंच. हा घ्या तुमचा वाटा. हुशार आहे हो पोरगी!"

बाबांनी नोटा न मोजता खिशात घातल्या. आम्ही जिना उतरलो. आमच्या दाराशी आल्यावर म्हणाले,

"तू त्यांना एवढं नीट समजावायला नको होतंस."