लांब कानांची सवत

आमच्या सारजाकाकींना सवत आली तेव्हा काकी बासष्ट वर्षांच्या होत्या आणि सवत चार महिन्यांची. जळोचीहून एसटीनं आली, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून. खोक्याला भोकं पाडली होती, त्यातून नुसती नाकपुडी हलत होती.

आणली काकींच्याच लेकीनं, सुकन्यानं. तिच्या पोरानं वाढदिवसाला ससा मागितला, सशानं फ्रिजची वायर कुरतडली, मग टीव्हीची, मग सासरा म्हणाला, या घरात तो तरी राहील नाहीतर मी. सुकन्याच्या हिशेबानं कळंबचं माहेर म्हणजे नको झालेल्या वस्तू ठेवायची जागा. तिचा बिघडलेला कूलर आणि दोन सायकली आधीच इथं पडून आहेत. तिनं खोकं ओट्यावर ठेवलं, चहा घेतला आणि परतीची गाडी पकडली.

बिरदेव तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांनी खोकं उघडून आत बघितलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ती जिभेची टकटक ऐकू आली, कोकरांना बोलवायची. काकींनी स्वयंपाकघरातून ती ऐकली आणि परात जरा जोरातच ठेवली.

काकींचं दुखणं समजायला थोडं मागं जावं लागेल. तात्यांनी चाळीस वर्षं मेंढरं राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर यायचे. काकी म्हातारे सासू-सासरे आणि दोन एकर सांभाळत मागं राहायच्या. तात्या गावात असले तरी भाकरी वाघरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, कळपाकडं तोंड करून खायचे. दीडशे मेंढरांची नावं त्यांना पाठ. लेकीचा वाढदिवस विचारला तर आभाळाकडं बघायचे. गुडघे गेले तेव्हा कळप विकला. त्या दिवशी तात्यांनी काकींना शब्द दिला, की इथून पुढं संध्याकाळची भाकरी तुझ्यासमोर बसून खाईन. काकींनी आयुष्यात त्यांच्याकडं मागितलेली ती एवढीच गोष्ट. आणि तीन वर्षं त्यांनी शब्द पाळलाही. काकी चुलीपुढं, तात्या भिंतीला टेकून, बोलणं फारसं नाही, पण समोरासमोर.

ससा आला त्याच्या तिसऱ्या दिवशी तात्या ताट उचलून गोठ्याकडं, सशापाशी जेवायला गेले.

सशी होती ती. तात्यांनी नाव ठेवलं कापशी. जुन्या लाकडी पेटीला जाळी मारून घर केलं, आत कोरडं गवत अंथरलं. इंदापूरच्या जनावरांच्या डॉक्टरला गाठून विचारून आले, तर त्यानं सांगितलं, भाकरी-गूळ बंद, वाळलं गवत भरपूर, कान धरून उचलायचं नाही आणि आंघोळ घालायची नाही. तात्यांनी सगळं पाळलं. काकींच्या गुडघ्याचं तेल कधी संपलं हे ज्या माणसाला माहीत नाही, त्याला कापशीनं सकाळी किती लेंड्या टाकल्या हे माहीत असायचं.

काकी रोज दोन ताटं वाढायच्या. एक गोठ्याकडं जायचं, एक त्यांच्यापुढं. मी मधून मधून जेवायला असायचो, मला म्हणायच्या, "मेंढरांचं एक बरं हुतं. ती दीडशे हुती, कुणा एकीचा राग न्हाय यायचा."

एकदा पेटी उन्हात राहिली, तर काकी बघून पुढं गेल्या. मग चार पावलं मागं आल्या, पायानं पेटी सावलीत ढकलली आणि मला दम दिला, की हे तात्याला सांगायचं न्हाय. मी अर्थातच सांगितलं.

तात्या विचारात पडले. घरात भांडण आहे हे त्यांना तोपर्यंत ठाऊकच नव्हतं.

दोन दिवसांनी काकींचं रानात नेसायचं हिरवं लुगडं गायब झालं. दोरीवर नाही, पेटाऱ्यात नाही. काकींनी वाऱ्याला शिव्या दिल्या, मग शेजारच्या कुत्र्याला. चार-पाच दिवसांनी त्या खराटा शोधायला गोठ्यात गेल्या, तर लुगडं पेटीत, चौघडी घालून अंथरलेलं, आणि वर सवत पाय ताणून झोपलेली.

तात्यांना ओढूनच आणलं त्यांनी. तात्या शांतपणे समजावू लागले. मेंढी मेली की तिचं कोकरू दुसरीला लावावं लागतं. दुसरी आधी लाथा मारते. मग तिचंच दूध कोकराच्या पाठीला चोळायचं, आपला वास आला की ती पाजायला लागते. चाळीस वर्षं हा उपाय चुकला नव्हता.

"आता हिला तुझा वास लागलाय," तात्या म्हणाले. "आता तू लाथाडणार न्हाईस."

"म्हंजे मी मेंढी हाय व्हय?"

तात्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मेंढी दोन दिसांत घेती. तू लई दिस लावलंस."

काकींनी लुगडं ओढून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि घरात निघाल्या. आणि तात्यांची चूक तिथं उघडी पडली. मेंढी वासाला फसते, पण काकी फसणाऱ्यांतल्या नव्हत्या. फसली कापशी. पाच रात्री त्या वासात झोपलेली ती टुणकन पेटीतून उतरली आणि काकींच्या मागं मागं, ओट्यावरून, उंबरा ओलांडून, थेट चुलीपाशी. काकींच्या पायांभोवती तिनं दोन फेऱ्या मारल्या आणि टाचेला हनुवटी घासली.

तात्यांनी दारातून टकटक केली. कापशीनं कानही वळवला नाही. त्यांनी पुन्हा केली. मी दुसरीकडं बघितलं. माणसाला अशा वेळी बघू नये.

आता पेटी स्वयंपाकघरात असते. काकी आधी कापशीला गवत आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या देतात, मग तात्यांना वाढतात. तात्या भिंतीला टेकून बसतात, समोरासमोर, पण नजर काकींच्या पायांशी, आणि तोंड असं, जणू आमटीत मीठच नाही. परवा त्यांनी हळूच मेथीचं पान तिकडं सरकवलं. कापशीनं हुंगलं आणि काकींकडं सरकली.

"ती जेवलीय," काकी म्हणाल्या, "तुमी जेवा."

हे त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की तात्यांनी मान खाली घालून भाकरी मोडली. भाकरी मलाही हवी होती, पण मी दोनदा मागितली तरी काकींचं लक्ष नव्हतं. त्या तात्यांचं ते आंबट तोंड बघत होत्या, अगदी पोट भरून.